विज्ञान खुशाल बदला, जर्नलला हात लावू नका

अभ्यासक्रम समितीवर वर्णी लागली? अभिनंदन. विज्ञानाचं पुस्तक बदलणं वाटतं तितकं अवघड नाही. काय बदलायचं आणि कशाला धक्का लावायचा नाही, एवढं कळलं की झालं.

सुरुवात सोप्या गोष्टींनी करा. नाव, मुखपृष्ठ, भाग. आपल्याकडे आठवीपर्यंत 'सामान्य' असलेल्या विज्ञानाला नववीत 'आणि तंत्रज्ञान' अशी शेपटी फुटते आणि दहावीत त्याचे दोन भाग होतात. धड्याशेजारी क्यूआर कोड छापा. तो स्कॅन करायला शाळेत रेंज आहे का, हा प्रश्न दूरसंचार खात्याचा. कोरी पानं मात्र घालू नका. २०२३ साली दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून वहीची पानं घातली होती. मुलं पुस्तकाबरोबर वह्याही आणत राहिली, आणि २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला. बरंच झालं. पोरानं स्वतः पाहिलेलं काही लिहावं, अशी सबंध पुस्तकात तेवढीच एक जागा होती.

आता धडे गाळणं. इथे दिल्लीचा आदर्श ठेवा. कोरोनानंतर मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून केंद्राची शालेय पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीने नववीतून जो धडा काढला, त्याचा विषय होता आपण आजारी का पडतो! दोन वर्षं घरात कोंडलेल्या पोरांना तो विषय फार अवघड गेला असता. दहावीतून मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण गेलं, उत्क्रांती गेली, विद्युतचलित्र आणि जनित्रही गेलं. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी उत्क्रांतीसाठी निषेधाचं पत्र काढलं. अशी पत्रं आली की शांतपणे सांगायचं, अकरावी-बारावीत आहे की. दहावीनंतर जो कॉमर्सला जाईल त्याचं माकडाशी नातं जुळलं काय, न जुळलं काय. आपल्या मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' असा आहे. तुमच्या डोळ्यांतून तो सुटला कसा?

(प्लुटोचं उदाहरण मात्र कुणाला देऊ नका. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली आणि नवाचे आठ ग्रह झाले. ते कारणासकट केलं होतं. समितीला कारणांची सवय लागायला नको.)

आता धोक्याची गोष्ट. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा शाळांत काही मंडळींनी भलताच उद्योग केला. सहावी ते आठवीच्या मुलांना आयती उत्तरं द्यायचीच नाहीत. टोळ्या करून प्रयोग करायचे, जे दिसेल ते लिहायचं, त्यावर वर्गात भांडायचं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, वर प्रयोगाचीही परीक्षा. हे लोण हजारभर सरकारी शाळांपर्यंत पोचलं. शिक्षकांनाही मुलांसमोर 'मला माहीत नाही, करून बघू' असं म्हणायची सवय लागली. सरकारने २००२ मध्ये हे बंद केलं. तीस वर्षं लागली. तुम्ही इतका उशीर करू नका.

म्हणून सांगतो, सगळं बदला, जर्नल सोडून. प्रात्यक्षिकाला वीस गुण आहेत आणि ते जर्नलच्या जिवावर मिळतात. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. हा क्रम अभ्यासक्रम कितीही वेळा पालटला तरी टिकून आहे, कारण तो भरायला प्रयोग लागत नाही. मागच्या वर्षीचं जर्नल लागतं. फेब्रुवारीत दोन रात्री बसलं की वर्षभराची निरीक्षणं होतात. आकृतीत स्पिरिटचा दिवा पेटलेला दाखवायचा. प्रयोगशाळेतला दिवा कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मोठ्या सरांकडे. फुटलं तर भरून कोण देणार?

काचेच्या चिपेचा प्रयोग घ्या. अपवर्तनांक १.५ यायचा असतो, हे मुलांना टाचण्या टोचायच्या आधीच ठाऊक असतं. म्हणून कोन मोजायचे नाहीत, उत्तरावरून काढायचे. ओहमचा नियम असेल तर आलेखाची रेघ आधी मारावी, मग तिच्यावर टिंबं बसवावीत. दर वर्षी एखादं पोर तरी निघतंच, जे खरोखर मोजतं आणि येऊन सांगतं, "सर, माझं १.३८ आलं." त्याच्यावर ओरडू नका, ते जुन्या अभ्यासक्रमात होतं. नव्या धोरणानुसार त्याच्या जिज्ञासेचं वर्गासमोर कौतुक करा, प्रगतिपुस्तकात 'चिकित्सक वृत्ती' असा शेरा द्या, आणि खोडरबर द्या. बहिःस्थ परीक्षक आले असतील तर आधी खोडरबर द्या.