चित्रकाराकडे उमेदवारी करायची आहे?

पंधराव्या शतकातल्या फ्लोरेन्समध्ये एखाद्या बड्या चित्रकाराच्या कारखान्यात चिकटायचा विचार असेल तर अभिनंदन. चित्रकलेची हौस तेवढी घरी ठेवून या.

सुरुवात दगडावर. हिंगूळ, म्हणजे लाल रंगाची पूड, घ्या, पाणी घाला, खला. चेन्निनो चेन्निनी नावाचा जाणता चित्रकार सांगून गेलाय की हिंगूळ रोज, वीस वर्षं खलला तरी बिघडत नाही, उलट सुधारतो. खांद्याचं काय होतं ते त्याने लिहिलेलं नाही. पूर्ण उमेदवारी तेरा वर्षांची, हाही त्याचाच हिशेब. तेरा वर्षांत वीस वर्षांचा खल कसा बसवायचा, ते तुम्ही बघा.

मग रंग कालवायला अंडी. बलक या तळहातावरून त्या तळहातावर खेळवायचा, पांढरं सगळं ओघळू द्यायचं, मग वरचं पातळ आवरण चिमटीत धरून बलक उचलायचा आणि खालून टोचायचा. वाटीत पडला तर ठीक. बाहीत गेला तर गुरुजींची खरी ओळख होते. आणि अंडं कुठलंही चालत नाही हं! तरुण चेहऱ्याला शहरी कोंबडीचं, कारण बलक फिका. म्हाताऱ्या, रापलेल्या चेहऱ्याला खेड्यातलं. हेही चेन्निनीनेच लिहून ठेवलंय. कोंबडीची नोंद झाली, तुमचीही कधीतरी होईल.

पाहुणे आले की हातातला कुंचला खाली ठेवून झाडू घ्यायचा, कारण चित्र गुरुजी एकटेच रंगवतात असं ठरलेलं असतं. आपले गुरुजी, चित्रकार दोमेनिको गिर्लांदायो, यांचा १४८५ चा करारच बघा. अनाथ मुलांच्या इस्पितळाच्या वेदीसाठी चित्र, ११५ फ्लोरिन (फ्लोरेन्सची सोन्याची नाणी), मुदत तीस महिने, निळा रंग औंसाला चार फ्लोरिन किमतीचा, आणि रंगकाम सगळं स्वतःच्या हाताने. पुढे चित्राखालचा पट्टा बार्तोलोमेओ दी जिओवान्नीने रंगवला, मागचा बायबलमधल्या बालहत्येचा प्रसंगही त्याच्याच हातचा मानतात. गुरुजींनी स्वतःचा चेहरा मात्र गर्दीत, थेट बघणाऱ्याकडे पाहणारा, चोख घातलाय. अशा वेळी ‘वा!’ म्हणायचं. आधी बलकाचे हात पुसायचे.

पगाराचा विषय काढू नका. १ एप्रिल १४८८ ला याच कारखान्यात तेरा वर्षांचा एक पोरगा येईल. तीन वर्षांचे २४ फ्लोरिन ठरवून: पहिल्या वर्षी ६, मग ८, मग १०. पोटात दुखलं तरी दाखवू नका. त्याला खल दाखवा, झाडू कुठे असतो ते दाखवा, अंडी आणायला पाठवा. नाव मायकेलअँजेलो, आडनाव बुओनारोती. फार दिवस टिकेल असं वाटत नाही.