हातावर पोट असलेली रायफल

सेमी-ऑटोमॅटिक पॉइंट टू-टू रायफल, म्हणजे इंचाच्या साधारण बावीस शतांश जाडीची छोटी गोळी उडवणारी आणि दर बारानंतर पुढचं काडतूस स्वतःच भरून घेणारी, रुसली, की मालक आधी तिला बोल लावतो, मग काडतुसांना, मग थंडीला. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची डबी, उघडून पाहावं, हे त्याला सगळ्यात शेवटी सुचतं. मी याच जमातीतला आहे, तेव्हा बोलायचा हक्क आहे.

मुळात या रायफलीचं हातावर पोट असतं. गोळी नळीतून पुढे सुटते, त्याच धक्क्यावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता ठोकळा, मागे जातो. त्याला कुठेही कडी-कोयंडा नाही. स्वतःचं वजन आणि मागची स्प्रिंग एवढंच काय ते त्याला धरून असतं. मागे जाता जाता त्यानं रिकामी पुंगळी ओढायची, बाहेर उडवायची, घोडा (चाप नव्हे, आतला हातोडा) चढवायचा आणि परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, सारायचं. एवढा सगळा प्रपंच एका काडतुसाच्या कमाईवर. शिल्लक काही नाही. त्यामुळे थोडी काजळी, थोडं घट्ट झालेलं तेल किंवा जरा अशक्त काडतूस, एवढ्यावर घराचं बजेट कोसळतं.

काडतूसही काही श्रीमंत घरचं नाही. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे १८८७ पासूनचं. गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या जरा वर. शिशाची, अनेकदा वरून मेणाचा हात दिलेली. स्वप्निल कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजी) कांस्य मिळवलं, ते याच काडतुसावर. पण तिथे प्रत्येक गोळी हातानं भरतात. काडतुसानं फक्त गोळी ढकलायची. आम्ही त्याच पगारात घरकामही करून घेतो.

अमेरिकेत ज्यांच्याकडे अशी रायफल असते, त्यांच्यापैकी पुष्कळांकडे १९६४ सालापासून बनत असलेली रुगर १०/२२ असते. नावातला १० म्हणजे मॅगझिनमधली काडतुसं. म्हणून पुढचं सगळं तिच्या अंगानं सांगतो. बाकीच्या बहिणींचे नखरे थोड्याफार फरकानं तेच.

पहिला आजार: पुंगळी अर्धवट बाहेर येऊन बोल्टमध्ये अडकते आणि भट्टीच्या चिमणीसारखी उभी राहते. याचा अर्थ बोल्ट पुरेसा मागे गेलाच नाही. काडतूस बदलून पाहा. सावकाश जातीची काडतुसं सेकंदाला साधारण १०८० फुटांची, तेज जातीची १२०० च्या वर. सावकाश काडतुसं कागदावर सुंदर, पण बोल्ट ढकलायला कधी कधी कमी पडतात. तेज काडतुसांनी आजार गेला, तर रायफल उपाशी होती. नाही गेला, तर ती मळलेली आहे.

दुसरा: पुंगळी चेंबरमधून निघतच नाही. बोल्टच्या उजव्या अंगाला एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून काढणारी, छोटी नखी असते. तिच्याखाली काजळी, मेण आणि शिशाचा चुरा मिळून जो लगदा बसतो, तो कढईच्या बुडाला लागलेल्या पिठल्यासारखा. दात कोरायची काडी आणि जुना टूथब्रश हीच खरी हत्यारं. नखी साफ असूनही तेच, तर चेंबर तपासा. त्यात आखूड पॉइंट टू-टू शॉर्ट काडतुसं उडवली असतील, तर पुढच्या भागात काजळीचं कडं जमतं आणि लांब पुंगळी तिथे चिकटून बसते. ब्राँझच्या ब्रशला सॉल्व्हंट लावून चेंबरमध्ये फिरवला, की काळं पाणी सुटतं आणि आपला चेहरा उजळतो.

तिसरा आजार, चाप ओढला आणि नुसतं टक्. इथे घाई केली तर गंमत संपते. नळी निशाण्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबा, कारण बारूद कधी कधी उशिरा जागा होतो. मग काडतूस काढून कडेवरचा ठसा पाहा. या जातीत पेटवणारा मसाला बुडाच्या मध्यभागी नसून कडेच्या पोकळीत भरलेला असतो. कडा चेपली तरच तो पेटतो. ठसा खोल असेल, तर नेमक्या त्या जागी मसाला नव्हता. पोळीच्या एका कोपऱ्यात पुरण पोचत नाही, तसं. दुसऱ्या बाजूनं फिरवून परत घातलं, तर ते अनेकदा उडतं. ठसा उथळ असेल, तर बोल्ट पूर्ण बसला नव्हता, कडा चेपणाऱ्या फायरिंग पिनच्या खाचेत घाण आहे, किंवा घोड्याची स्प्रिंग थकली आहे. पूर्ण न बसलेल्या बोल्टला ठोसे मारून बसवायची खुमखुमी आवरा. आत काय अडलंय ते आधी पाहा.

आणि बार नेहमीसारखा न होता फुस्स वाजला, तर पुढची गोळी मुळीच नको. रायफल रिकामी करून नळीतून सळई आरपार जाते का पाहा. आत अडकलेल्या गोळीवर दुसरी सोडली, की नळी फुगते.

आता सफाई. मॅगझिन काढा, बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये डोळ्यानं बघा आणि करंगळीनंही चाचपा. डोळे उतावीळ असतात. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीभोवती पट्टी असेल तर तिचा स्क्रू सैल करा, मग लाकडी दस्त्याखालचा मुख्य स्क्रू काढा. सेफ्टीचं बटण अर्ध्यावर ठेवल्याशिवाय दस्ता सुटत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे या खेळण्यानं भल्याभल्यांचा घाम काढला आहे.

दस्ता निघाला, की चापाच्या घराला धरणाऱ्या दोन पिना आपण न ढकलताच गळून पडतात आणि गालिच्यात लपतात. खाली पांढरी चादर अंथरा, हाताशी लोहचुंबक ठेवा. त्यानंतर मागची आडवी जाड पिन काढा, जिच्यावर बोल्ट येऊन आपटतो. बोल्ट मागे ओढून वर उचलला, की निघाला. निघणं सोपं. परत घालताना बोल्ट ओढायचं हँडल स्प्रिंगसकट मागे धरायचं आणि त्याच क्षणी बोल्ट खाली बसवायचा. याला तीन हात लागतात, म्हणून रायफल गुडघ्यांत धरावी आणि चष्मा घालावा. स्प्रिंगला दया-माया नसते.

नळीबाबत मात्र आळस हाच उपचार. रायफलीचा रिसीव्हर, म्हणजे बोल्ट राहतो तो धातूचा सांगाडा, मागून बंद असल्यामुळे सळई पुढूनच घालावी लागते, आणि पुढची कड घासली गेली की नेम बिघडतो. त्यापेक्षा मागून पुढे ओढायची दोरी बरी. दर रविवारी नळी खरवडणाऱ्या सगळ्यांना माझा नमस्कार. शिशाच्या गोळीच्या नळीला तेवढी भूक नसते, आणि लख्ख केल्यावर पहिल्या काही गोळ्या भरकटतात ते वेगळंच.

तेल म्हणजे फोडणी नव्हे. बोल्ट जिथे घासतो तिथे एकेक थेंब, पुसून घेतलेला. जास्त झालं की त्यात न जळलेली पूड बसून पेस्ट होते, आणि कडाक्याच्या थंडीत ती पेस्टही आखडते. मॅगझिनमध्ये तर तेल नकोच. कोरडा ब्रश पुरे. त्यातला चक्राकार रोटर, म्हणजे काडतुसं फिरवत वर आणणारं चाक, उघडायचा असेल, तर स्प्रिंग किती फेरे पिळलेली होती ते सोडताना मोजा. न मोजणाऱ्याला दहावं काडतूस वर येताना दिसत नाही.

जोडताना घोडा चढवलेला ठेवूनच चापाचं घर बसवा. दस्त्याचा स्क्रू साधारण १५ ते २० इंच-पाउंड जोरानं आवळा, बास. लाकूड चेपेपर्यंत आवळलं, की गोळ्या नव्या पत्त्यावर जायला लागतात. साबण आणि गार पाण्यानं हात धुवा, मगच चहा. शिसं बिस्किटाबरोबर चांगलं लागत नाही.

शेवटची परीक्षा मॅगझिन बाहेर ठेवून आणि चेंबर पुन्हा बघून. सेफ्टी लावा: चाप हलता कामा नये. काढा आणि ओढा: टक्. या रायफलीच्या पिनला आतच अडवणूक असल्यामुळे असं रिकामं चालवलेलं चालतं. इतर अनेकींत पिन चेंबरच्या कडेला खाच पाडते, तिथे लोक भिंतीत स्क्रूसाठी ठोकायचा पिवळा प्लास्टिकचा प्लग आत घालतात. चाप दाबूनच धरा, बोल्ट मागे ओढून सोडा, मग चाप हळूच सैल करा. आतून बारीकसा क्लिक आला, की घोडा परत चापाच्या ताब्यात गेला. नाही आला, तर चादर पुन्हा अंथरा.