मशीन लर्निंग का पीडीई? इलेक्टिव्हवरून कट्ट्यावर पेटलेला वाद

केतकीचा मावसभाऊ अप्लाइड मॅथ्सच्या तिसऱ्या वर्षाला गेलाय आणि त्याला पाचातले दोन इलेक्टिव्ह निवडायचेत, फॉर्म शुक्रवारपर्यंत भरायचाय. यादी अशी: मशीन लर्निंग, स्टोकॅस्टिक प्रोसेसेस (वेळेबरोबर योगायोगाने बदलणाऱ्या गोष्टींचं गणित), न्यूमेरिकल पीडीई (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स आकड्यांनी सोडवणं), टोपोलॉजी (आकारांचं अमूर्त गणित) आणि नंबर थिअरी विथ क्रिप्टोग्राफी. केतकी त्याला घेऊन गुडलक चौकात कलाकार कट्ट्यावर आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, ह्याला काहीतरी नीट सांगा रे, घरी सगळे म्हणतायत मशीन लर्निंग घे आणि विषय संपव.

मन्याने लगेच घरच्यांची बाजू घेतली. मन्या हिंजवडीत डेटावाल्या टीममध्ये आहे, इंटरव्ह्यूला येणारी मुलं बघतो, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन आहे. "हे बघ, तुझा रेझ्युमे पहिल्यांदा जो चाळतो ना त्याला स्टोकॅस्टिक कळत नाही, मशीन लर्निंग कळतं. आधी नोकरी लागू दे, मग हवी तेवढी टोपोलॉजी वाच रात्री."

अभ्या उखडलाच. तो पीएचडी करतोय, अॅनालिसिसमध्ये. "टोपोलॉजी रात्री वाचून येत नसते रे! कोडिंगची लायब्ररी कशी वापरायची ते यूट्यूबवर बघून जमतं, पण कॉम्पॅक्टनेस म्हणजे काय हे कुणीतरी फळ्यापाशी उभं करून, प्रूफमधली भोकं दाखवून, परत लिहायला लावल्याशिवाय डोक्यात बसत नाही. जे एकट्याने होणार नाही ते कॉलेजात घ्यायचं, बाकीचं नंतर."

इथपर्यंत मी शंभर टक्के अभ्याबरोबर आहे, आणि इलेक्टिव्ह निवडणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. पण पुढे त्याने टोपोलॉजी आणि नंबर थिअरी अशी जोडी सुचवली ती मला पटली नाही. पोराला एमएस्सीची प्रवेश परीक्षा जॅम द्यायची असली तरी तिथे रिअल अॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप थिअरी लागते आणि ते त्याच्या कोअरमध्ये आहेच. नंबर थिअरीवर उभी असलेली आरएसए ही गुप्त संदेशांची पद्धत सुंदर आहे, १९७७ साली तिघांनी शोधलेली गोष्ट आज आपल्या ब्राउझरपर्यंत आलीये, सगळं मान्य, पण ह्या पोराच्या डिग्रीत नंबर थिअरीच्या आधी काही नाही आणि नंतरही काही नाही, तो पेपर एकटा पडतो. मला वाटतं इलेक्टिव्ह सुटे सुटे बघूच नयेत, असे दोन घ्यावेत की एकात शिकलेलं दुसऱ्यात रोज उपयोगी पडेल. म्हणून मी म्हणलं न्यूमेरिकल पीडीई आणि स्टोकॅस्टिक प्रोसेसेस.

"तू सिम्युलेशनवाला, तू पीडीईच म्हणणार," मन्या म्हणाला. बरोबर आहे, माझं काम गाडीच्या पार्ट्सचं सिम्युलेशन, ब्रेक डिस्क किती तापेल वगैरे, पण कारण ते नाही. पोराची वही मागून घेतली आणि त्याला म्हणलं हे लिही. एक दांडा, त्यावर पाच बिंदू, दोन्ही टोकं कायम ० डिग्रीवर, मधला बिंदू १००. म्हणजे ०, ०, १००, ०, ०. आता हीट इक्वेशनची, म्हणजे उष्णता कशी पसरते त्या पीडीईची, सगळ्यात सोपी स्कीम, प्रत्येक पावलाला बिंदूचं नवं तापमान म्हणजे जुनं तापमान अधिक आर गुणिले (डावा शेजारी अधिक उजवा शेजारी वजा स्वतःची दुप्पट). ह्या आरमध्ये टाइम स्टेप (एका पावलाचा वेळ) आणि बिंदूंमधलं अंतर दोन्ही आलं. आर १/४ धर आणि कर.

त्याने केलं. ०, २५, ५०, २५, ०. पुढचं पाऊल ०, २५, ३७.५, २५, ०. छान, दांडा निवतोय, जसा निवायला हवा तसा. आता आर १ धर, म्हणजे टाइम स्टेप चौपट कर, काम लवकर संपेल. पहिलं पाऊल ०, १००, उणे १००, १००, ०. दुसरं ०, उणे २००, ३००, उणे २००, ०. तिसऱ्याला मध्ये उणे ७०० आलं आणि पोरगं थांबलं, म्हणालं दादा माझं काहीतरी चुकलं. काही चुकलं नव्हतं, गणित त्याने बरोबरच केलं होतं. इक्वेशन बरोबर, फॉर्म्युला बरोबर, प्रत्येक बेरीज बरोबर, आणि उत्तर साफ खोटं. हे मुलांनी कॉलेजात असताना हाताने करून बघायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, कारण सॉफ्टवेअर रंगीत चित्र काढून देतं आणि चित्र इतकं बिनधास्त दिसतं की बघणाऱ्याला शंका येत नाही.

अभ्या वहीकडे बघत होता, तो म्हणाला अरे ह्याचं प्रूफ एका ओळीत आहे. नवं तापमान म्हणजे डाव्याचा आर भाग, स्वतःचा १ वजा २आर भाग, उजव्याचा आर भाग, तिघांची बेरीज १. आर १/२ च्या आत असेल तर तिन्ही भाग उणे नाहीत, म्हणजे ती सरासरी झाली, आणि सरासरी कधी सगळ्यात मोठ्या आकड्याच्या वर जात नाही. आर त्याच्या वर गेला की मधला भाग उणे, सरासरी संपली, आता काहीही होऊ शकतं. (आरमध्ये अंतराचा वर्ग खाली असतो, म्हणून बिंदूंमधलं अंतर अर्धं केलंत तर टाइम स्टेप पावपट करावी लागते, साध्या दांड्याला आठपट काम, थ्रीडीत बत्तीसपट. ही अट नसलेल्या इंप्लिसिट मेथड का शोधल्या ते इथे कळतं.)

आणि मग केतकी बोलली, ती इतका वेळ गप्प होती. केतकी अॅक्च्युअरीचे, म्हणजे विम्यातली जोखीम मोजणाऱ्यांचे, पेपर देतीये. ती म्हणाली, थांबा, हे तर माझं आहे. तापमान विसरा, मधल्या बिंदूवर १०० माणसं उभी करा, दर मिनिटाला प्रत्येकाची डावीकडे जायची शक्यता १/४, उजवीकडे १/४, जागेवर थांबायची १/२, आणि टोकाला पोचला तो बाहेर. सरासरीने एका मिनिटाने किती कुठे? २५, ५०, २५. मग २५, ३७.५, २५, आणि प्रत्येक टोकाने सव्वासहा बाहेर. तेच आकडे! ही मार्कोव्ह चेन आहे, पुढची उडी फक्त आत्ताच्या जागेवरून ठरते, आमच्या सीएस २ पेपरला हेच असतं, फक्त तिथे बिंदूंच्या जागी निरोगी, आजारी आणि मृत अशा स्टेट असतात. आणि आर १ घेतलात तर जागेवर थांबायची शक्यता उणे १ येते, असली प्रॉबॅबिलिटी कुठे असते का.

मला ह्याहून चांगलं पटवून देता आलं नसतं. फ्रेंच गणिती बाशेलियेने १९०० मध्ये पॅरिसला शेअरच्या किमतींवर थीसिस लिहिला तेव्हा त्याला हीट इक्वेशनच भेटलं, आइनस्टाइनला १९०५ मध्ये पाण्यातल्या कणांबद्दल लिहिताना तेच, आणि १९७३ चं ब्लॅक-शोल्स, म्हणजे ऑप्शनच्या किमतीचं इक्वेशन, व्हेरिएबल बदलून घेतलं की परत तेच. सोमवारी पीडीईच्या तासाला एक गोष्ट आणि बुधवारी स्टोकॅस्टिकच्या तासाला तीच गोष्ट दुसऱ्या बाजूने, हे ज्या मुलाला एकाच सेमिस्टरला मिळतं त्याचं नशीब. आणि हे पुण्यात, जिथे पाषाणला आयआयटीएम ह्या हवामानशास्त्राच्या संस्थेत २०१८ साली प्रत्युष सुपरकॉम्प्युटर आला आणि हवामानाचे मॉडेल चालतात, तिथेही ग्रिड बारीक केला की टाइम स्टेपचा प्रश्न येतोच.

मन्या मात्र हटला नाही, आणि त्याचं म्हणणं फालतू नव्हतं. तो म्हणाला, "अरे पण हे प्लस मायनस उड्या मी रोज बघतो! लर्निंग रेट, म्हणजे मॉडेल दर पावलाला किती बदलायचं तो आकडा, जास्त ठेवला की लॉस, म्हणजे मॉडेलची चूक, असाच उसळतो आणि शेवटी स्क्रीनवर नॅन, आकडाच नाही. मग हे मशीन लर्निंगमध्ये पण शिकेलच की." अभ्याने तिथल्या तिथे उत्तर दिलं. वक्रता एल असलेल्या साध्या क्वाड्रॅटिक फंक्शनवर लर्निंग रेट २ भागिले एलच्या वर गेला की ग्रेडियंट डिसेंट, म्हणजे उताराने पावलं टाकत तळ शोधायची पद्धत, उसळतं. आपली दांड्याची स्कीम म्हणजे तेच, आर हा तिचा लर्निंग रेट आणि एलच्या जागी तिच्या मॅट्रिक्सची सगळ्यात मोठी आयगेनव्हॅल्यू, ती बिंदू कितीही घ्या, ४ च्या आत राहते, आणि २ भागिले ४ म्हणजे तोच १/२. मन्या यावर खूश झाला, पण म्हणाला हे तुला ठाऊक आहे म्हणून, माझ्याकडे येणारी मुलं नुसता लर्निंग रेट दहापट कमी करून बघतात, चाललं तर चाललं. मी म्हणलं मग हाच तर मुद्दा आहे ना.

मन्याने शेवटी एक अट घातली आणि ती मला योग्य वाटली. हे दोन पेपर घेतलेस तर नुसते मार्क आणू नकोस, हीच दांड्याची स्कीम पायथनमध्ये लिही, शेजारी रँडम वॉक लिही, दोन्हीचे ग्राफ एकावर एक टाक आणि गिटहबवर ठेव, ते मी इंटरव्ह्यूला पाच मिनिटं विचारेन. पोरानं विचारलं, ताई, स्टोकॅस्टिकला मेजर थिअरी (प्रॉबॅबिलिटीचा अवघड पाया) लागेल का? केतकी म्हणाली डिस्क्रीट मार्कोव्ह चेनला नाही लागत, पण कंडिशनल एक्स्पेक्टेशन, म्हणजे काही माहीत असताना निघणारी सरासरी, सुट्टीत पक्कं करून जा, तिथे मुलं गळतात.

फॉर्म भरायच्या आधी एक काम मी त्याच्या मागे लावलंय. सिलॅबस उघडून बघायचा, न्यूमेरिकल पीडीईत स्टॅबिलिटी आणि कन्व्हर्जन्स आहे का, की पॅकेजची बटणंच शिकवणार आहेत, आणि गेल्या वर्षीच्या मुलांना विचारायचं की सर प्रूफ करून घेतात का. नुसती बटणं असतील तर त्या जागी मन्याचं ऐकून मशीन लर्निंग घे म्हणलं, स्टोकॅस्टिक मात्र काही झालं तरी सोडू नको.