शालजोडीतले, रोमन पद्धतीचे

रोमन कवी शिव्या द्यायला लाजत नसत. कॅटलसच्या काही कविता आजही चारचौघांत वाचायची सोय नाही. पण माझ्या मते त्याचा सगळ्यात झोंबणारा टोला एकही वावगा शब्द न वापरता हाणलेला आहे, आणि तोही रोमचा नामांकित वकील आणि वक्ता, साक्षात मार्कस टुलियस सिसेरोला.

सातच ओळी. आशय असा: रोम्युलसच्या वंशात आजवर झाले, आज आहेत, पुढे होतील, त्या सगळ्यांहून वाक्पटू अशा मार्कस टुलियस, कॅटलस तुझे अतोनात आभार मानतो. कॅटलस, म्हणजे सगळ्यांत वाईट कवी. तू जितका सगळ्यांत थोर वकील, तितकाच तो सगळ्यांत वाईट कवी.

आभार कशाबद्दल? पत्ता नाही! आणि शेवटचं गणित बघा. कॅटलस स्वतःला भिकार कवी समजत नव्हता, हे वाचणाऱ्याला ठाऊक होतंच. मग एका पारड्यात खोटं वजन टाकल्यावर दुसऱ्यातली थोरवी किती भरणार? शिवाय ती ओळ ‘सगळ्यांचाच वकील’ अशीही वाचता येते. इ.स.पू. 56 मध्ये सिसेरोने व्हॅटिनियस या राजकारण्याची भर कोर्टात सालटी काढली होती. 54 मध्ये त्याच व्हॅटिनियसचा बचाव करायला हेच महाशय उभे!

काही अभ्यासक म्हणतात, आभार मनापासूनचे आहेत. असतील बापडे, मला पटत नाही. एवढी साखर पेरली की मला तरी संशय येतो. आणि सिसेरोने चिडायचं तरी कशावर? चिडला तर टोमणा लागला असं आपणच सांगितल्यासारखं.

सीझरच्या वाट्याला दोनच ओळी: तुला खूश करायची मला फारशी हौस नाही, तू गोरा की काळा हे जाणून घ्यायचीही नाही. यातलं ‘फारशी’ मला भारी आवडतं. (सीझरही वस्ताद. कॅटलसच्या दुसऱ्या काही कवितांनी तो दुखावला होता, पण कवीने माफी मागितल्यावर त्याच दिवशी त्याला जेवायला बोलावलं, असं रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो.)

मार्शल हा रोमन कवी पुढच्या शतकातला. ‘माझी पुस्तकं तुला का पाठवत नाही, पोंटिलियानस? तू तुझी पाठवू नयेस म्हणून.’ कवितासंग्रह सप्रेम भेट येणाऱ्यांनी हे पाठच करून ठेवावं. हसू येतं, पण कॅटलसची सर नाही. माणसांना सोडून दोषांवर लिहितो, असं मार्शल स्वतःच सांगतो. सम्राट डोमिशियनवर लिहिताना मात्र नुसती स्तुती. इ.स. 96 मध्ये डोमिशियनचा खून झाला, आणि मग मार्शलने खुशामतीलाच कवितेत निरोप दिला.