हाताची चव आणि निळी पट्टी

‘तुझ्या हाताला चव आहे, धंदा का नाही सुरू करत?’ असं म्हणणारी माणसं आजवर फुकट खात आलेली असतात आणि पुढेही फुकटच खाणार असतात. शिवाय त्यांनी अन्नसुरक्षेचे नियम वाचलेले नसतात. मी वाचले. नियमांच्या लेखी हाताला चव नसते, जंतू असतात.

त्या हातातली अंगठी काढा, नेलपॉलिश पुसा, साबणाने निदान २० सेकंद धुवा आणि बोट कापलं तर निळी पट्टी लावा. निळीच का? तर अन्नात निळा रंग सहसा नसतो, त्यामुळे पट्टी पिठात पडलीच तर चटकन दिसते. पट्टी पडणारच, हे गृहीत धरून तिचा रंग ठरवणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. त्याने माणसं ओळखली होती.

मग आला थर्मामीटर. साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात अन्न रेंगाळलं की जंतूंची चंगळ. सगळं मनासारखं असलं तर काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. म्हणून क्रीमचे केक पाचाच्या खाली. आता फ्रिज उघडून आत बघत विचार करत उभं राहणं हा आमच्या घराण्याचा छंद. हल्ली विचार सुरू झाला की मागून माझा आवाज येतो, ‘सहा झाले! बंद कर!’

सगळ्यात मोठा अपमान झाला तो नवऱ्याच्या नाकाचा. इतकी वर्षं उरलंसुरलं टिकलंय की गेलंय, याचा निकाल तेच नाक द्यायचं. पण आजारी पाडणारे जंतू बऱ्याचदा ना वास देतात, ना चव बदलतात. वास मारणारे बिचारे निदान सांगून तरी येतात. मी लसूण मुरवलेलं तेल विकायला काढणार होते, ते इथेच बारगळलं. लसणाला मातीतून क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू चिकटलेले असू शकतात. लसणात आम्ल कमी आणि वरच्या तेलामुळे हवा बंद, म्हणजे त्यांची सगळी सोय झाली. बाटली बाहेर ठेवली तर आत जीवघेणं विष तयार होऊ शकतं आणि नाकाला पत्ता लागत नाही. नाक रुसलंय अजून.

धोके आधीच हेरून प्रत्येक पायरीवर लगाम घालायची ‘हॅसप’ नावाची पद्धत १९६० च्या दशकात पिल्सबरी कंपनीने नासासाठी बसवली, अंतराळवीरांच्या जेवणासाठी. हे योग्यच आहे. वजनरहित अवस्थेत पोट बिघडणं म्हणजे काय, याची कल्पना... नको, करू नका. माझी बिस्किटं फक्त वरच्या मजल्यापर्यंत जायची असतात, पण जंतूंना मजल्यांमधला फरक कळत नाही म्हणे.

लेबलाने मात्र अब्रूच काढली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात. माझ्या ‘बदाम बिस्किटां’चा क्रम असा निघाला: मैदा, साखर, लोणी, अंडं आणि मग, सवडीने, बदाम. खाली अ‍ॅलर्जीची सूचना: गहू, दूध, अंडं, बदाम. म्हणजे साखर सोडली तर उरलेलं सगळं धोकादायक! पण हा नियम मला मनापासून पटतो. एखाद्याला बदामाचा कण जिवावर बेतू शकतो, तिथे ‘थोडेसेच घातलेत’ चालत नाही.

आणि नोंदी. उद्या माल परत मागवायची वेळ आली तर कोणता बॅच कुठे गेला, हे सांगता आलं पाहिजे. परवा थंड करत ठेवलेल्या बॅचमधली बिस्किटं कमी भरली. मी वही नवऱ्यापुढे सरकवली. त्याने शांतपणे बॅच क्रमांक लिहिला, ग्राहक म्हणून स्वतःचं नाव टाकलं आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, ‘बदाम सापडला नाही.’