डीच्या बाहेर गोलकीपरचा हात लागला की लाल कार्डच? नाही भाऊ

१७ मे २०२५ ला लंडनच्या वेम्बलीवर इंग्लंडच्या एफए कपची फायनल झाली. क्रिस्टल पॅलेसनं मँचेस्टर सिटीला १-० नं हरवलं. तेव्हापासून नागपुरातल्या फुटबॉलवाल्यांच्या फोनवर एक मेसेज फिरतोय. सीझन संपला, नवा लागला, मेसेज काही जात नाही. कुठे कोणत्याही गोलकीपरचा हात वादात सापडला की तो पुन्हा वर येतो. मजकूर साधारण असा ('डी' म्हणजे गोलसमोरचा पेनल्टी एरियाचा चौकोन, 'व्हीएआर' म्हणजे खोलीत बसून रिप्ले बघणारा व्हिडिओ रेफरी):

"गोलकीपरने डीच्या बाहेर बॉलला हात लावला की थेट रेड कार्ड, हा फिफाचा नियम आहे. हेंडरसनने लावला, सगळ्या जगाने पाहिला, व्हीएआरने पण पाहिला. तरी रेड नाही, यलो नाही, साधी फ्री किक पण नाही. २०१० ला सुआरेझला रेड मिळते, मग याला काहून नाही? सिटीचा कप चोरला. सगळी सेटिंग आहे. जास्तीत जास्त ग्रुपवर टाका."

आणि त्याखाली हमखास कुणीतरी पॅलेसच्या बाजूनं उतरतो: "अबे पण त्याचा पाय डीमध्येच होता ना!"

आधी घटना. १६ व्या मिनिटाला एझेच्या गोलनं पॅलेस पुढे गेला होता. त्यानंतर एका लांब बॉलमागे सिटीचा फॉरवर्ड हालांड सुटला. पॅलेसचा गोलकीपर हेंडरसन गोल सोडून पुढे धावला आणि हालांडच्या आधी पोचून त्यानं बॉल हातानं बाजूला ढकलला. हात लागला तो डीच्या रेषेपलीकडे. रेफरी स्टुअर्ट ॲटवेलनं काही दिलं नाही. व्हीएआरनं रेड कार्डच्या दृष्टीनं तपासणी केली, हालांडची दिशा गोलपासून बाजूला जाणारी होती असं कारण दिलं आणि खेळ पुढे चालू राहिला.

मैदानावर चूक झाली, यात वाद नाही. सिटीला फ्री किक मिळायला हवी होती. मेसेज मात्र या खऱ्या चुकीवर भलताच इमला चढवतो.

पहिलं वाक्यच घ्या, 'बाहेर हात म्हणजे थेट रेड'. असा नियम नाही, आणि नियम फिफा एकटी करतही नाही. ते काम इफॅबचं, म्हणजे फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं. तिथे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचं प्रत्येकी एक आणि फिफाची चार अशी आठ मतं असतात, बदलाला सहा लागतात. या इफॅबच्या बाराव्या नियमात इतकंच आहे की डीच्या बाहेर गोलकीपरला हाताच्या बाबतीत बाकीच्या दहांसारखेच निर्बंध. म्हणजे आपल्या बचावातल्या स्टॉपरनं सेंटरलाइनजवळ मुद्दाम हात लावला तर जे होईल, तेच गोलीचं. होईल डायरेक्ट फ्री किक. त्यानं समोरच्यांची चांगली चढाई मोडली तर यलो. आणि गोल किंवा गोलची उघड संधी हिरावली तरच रेड.

पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर हे अनेकदा दिसतं. गोली बॉल छातीशी घट्ट धरून घसरतो आणि घसरत घसरत डीच्या बाहेर जातो. बॉल हातात, रेषा मागे. किंवा किक मारायला चार पावलं पळतो आणि हातातून बॉल सोडेपर्यंत रेषा ओलांडून जातो. दोन्हीत गुन्हा आहे, दोन्हीत फ्री किक आहे, आणि आसपास कुणी फॉरवर्ड गोल करण्याच्या बेतात नसेल तर कार्ड खिशातच राहतं. मेसेजचा नियम लावला तर दर पावसाळ्यात निम्म्या टीमा बदली गोलकीपर शोधत बसतील.

उलट बाजू अजून मजेशीर. डीच्या आत, जिथे हात लावायला परवानगी नाही अशा प्रसंगी, म्हणजे आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम मागे दिलेला बॉल गोलीनं उचलला, तर १९९२ पासून इनडायरेक्ट फ्री किक आहे. कार्ड नाही. समजा तो बॅकपास गोलमध्येच चालला होता आणि गोलीनं हातानं अडवला, तरी रेड नाही. हातानं गोल अडवण्याच्या कलमात 'स्वतःच्या डीमधला गोलकीपर सोडून' असा अपवादच घातलाय. (अपवादालाही अपवाद आहे. गोलकिक वगैरे स्वतःच घेऊन, दुसऱ्या कुणाला लागण्याआधी गोलीनं बॉल पुन्हा खेळला आणि गोल रोखला, तर कार्ड निघतं. पण हे आयुष्यात एकदा दिसलं तर नशीब.)

आता सुआरेझ. २ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, उरुग्वे विरुद्ध घाना, एक्स्ट्रा टाइमची शेवटची मिनिटं. हेडर गोलमध्ये जात होता आणि गोलरेषेवर उभ्या सुआरेझनं तो हातानं बाहेर काढला. तिथे संधीचा प्रश्नच नव्हता, गोलच होत होता. आणि सुआरेझ गोलकीपर नव्हता, त्यामुळे वरचा अपवाद त्याला लागत नाही. रेड मिळालं, घानाला पेनल्टी मिळाली, ग्यानचा शॉट बारला लागला आणि शूटआउटमध्ये उरुग्वे जिंकलं. हेंडरसनचं प्रकरण त्याच कलमाच्या दुसऱ्या अर्ध्यात येतं. बॉल गोलमध्ये जात नव्हता, तो हालांडच्या पुढे पडणार होता. तिथे रेफरीला ठरवावं लागतं की ही संधी 'उघड' होती का.

ते ठरवायला चार गोष्टी बघायच्या असतात. गोलपासूनचं अंतर. खेळाची एकूण दिशा. बॉल ताब्यात राहण्याची किंवा येण्याची शक्यता. बचाव करणारे कुठे आणि किती. अंतराचा मुद्दा हालांडच्या बाजूनं जातो, डीच्या कडेवरून गोल काही लांब नाही. ताब्याचंही तसंच, हालांडसारखा माणूस तिथे पोचणार नाही असं कोण म्हणेल? व्हीएआरनं बोट ठेवलं ते दिशेवर. बॉल आणि हालांड दोघंही गोलच्या समोरून बाजूला सरकत होते, हे खरंय.

माझं मत विचाराल तर ते लालकडे झुकतं. नियमातला शब्द आहे खेळाची 'एकूण' दिशा. गोली बाहेर पडलाय, मागे गोल मोकळा आहे, आणि त्या फॉरवर्डला बॉल मिळाल्यावर वळायला एक पाऊल पुरतं. बॉल दोन हात बाजूला चालला म्हणून संधी बाजूला जात नाही. पण हे माझं मत झालं. नियमाची चार वाक्यं वाचून दुसरा माणूस प्रामाणिकपणे यलोवर थांबू शकतो, आणि थांबणारे पुष्कळ आहेत. मेसेज काय करतो, तर हे मत 'नियम' म्हणून खपवतो. एकदा ते नियम झालं की न पटणारा माणूस आपोआप चोर ठरतो.

आणि तिथूनच सेटिंगवाला मुद्दा येतो, जो लोकांना सगळ्यात जास्त पटतो: 'व्हीएआरनं हात पाहिला, तरी फ्री किकपण दिली नाही, मग बसलेत कशाला तिथे?' ही शंका मनात येणं साहजिक आहे. टीव्हीवर दहा वेळा रिप्ले दिसतो, हात दिसतो, रेषा दिसते, आणि खोलीत बसलेला माणूस गप्प. बाहेरून बघणाऱ्याला यात काळंबेरं वाटणारच.

पण व्हीएआरला सगळ्यात नाक खुपसायची मुभाच नाही. २०१८ मध्ये तो नियमांत आला तेव्हा चार दारं ठरवून दिली: गोल झाला की नाही, पेनल्टी की नाही, थेट रेड कार्ड, आणि कार्ड चुकीच्या खेळाडूला दाखवलं का. त्यातही चूक स्पष्ट आणि ढळढळीत असली पाहिजे. ही फायनल याच चौकटीत खेळली गेली. डीबाहेरची सुटलेली फ्री किक या चारांत नाही. सुटलेलं यलोही नाही. म्हणून खोलीतल्या माणसाला हात शंभर टक्के दिसला, तरी त्याच्यापुढचा प्रश्न एवढाच होता, हे रेड आहे का? उत्तर 'हो' असतं तर ॲटवेलला मॉनिटरकडे बोलावलं असतं, तिथे रेड निघालं असतं आणि सोबत फ्री किकही मिळाली असती. उत्तर 'नाही' आलं, म्हणून फ्री किकही गेली. विचित्र वाटतं, आहेच विचित्र. सर्वांना दिसलेला गुन्हा कागदावर झालाच नाही असा निकाल त्यातून निघतो. पण ही विचित्रता त्या दिवशी, त्या टीमसाठी कुणी तयार केली नाही. प्रत्येक फ्री किकसाठी खेळ थांबवायला लागलो तर नव्वद मिनिटांचा खेळ दीडशेला संपेल, म्हणून ती व्यवस्थेतच ठेवलीय. सोसायटीच्या वॉचमनला फक्त गेटचं रजिस्टर दिलंय आणि आपण त्याला विचारतोय की तिसऱ्या मजल्यावरचा नळ काहून गळतोय.

व्यवस्था बदलायला हवी का, हा वाद जरूर घाला. त्यात मीही तुमच्या बाजूनं बोलेन.

आणि सेटिंग करायचीच तर ती पॅलेससाठी कोण करेल, हाही विचार करा ना. त्या क्लबनं तोवर एकही मोठा कप जिंकला नव्हता. १९९० आणि २०१६, दोन्ही वेळा एफए कपच्या फायनलला पोचून मँचेस्टर युनायटेडकडून हरलेली टीम. पैसा, वजन, नाव, सगळं समोरच्या बाजूला होतं.

'कप चोरला' यावर फार शब्द घालवत नाही. हाताच्या त्या प्रसंगानंतर, ३६ व्या मिनिटाला, सिटीला पेनल्टी मिळाली. बर्नार्डो सिल्वाला पॅलेसच्या मिचेलनं पाडलं होतं. हालांड मैदानावर असून शॉट सिटीच्याच मार्मूशनं घेतला आणि हेंडरसननं अडवला. मेसेजवाले म्हणतात की हेंडरसन बाहेर असता तर तो गोल झाला असता. बाहेर असता तर खेळच वेगळा झाला असता. दहा जणांची टीम वेगळ्या जागी उभी राहिली असती, ती पेनल्टी मिळालीच असती असं कुणाला सांगता येतंय? बरोबरी करायला सिटीकडे सबंध दुसरा हाफ होता.

पॅलेसच्या वकिलांना पण सोडायला नको. 'पाय डीमध्ये होता' हे इथल्या मैदानांवर मी मेसेजपेक्षाही जास्त ऐकलंय. कामठी असो, मोतीबाग असो, हँडचा आवाज उठला की गोली आधी पायाकडे बोट दाखवतो. गोलीचे पाय कुठे आहेत याला काहीच किंमत नाही. हात बॉलला कुठे लागला, ती जागा धरायची. दोन्ही पाय आत ठेवून पुढे झेप घेतली आणि हात रेषेपलीकडे बॉलला लागला, तर हँड. उलट पाय बाहेर असून आतला बॉल ओढला, तर काही नाही. आणि रेषा स्वतः डीचाच भाग असते, म्हणून बॉल रेषेवर असेल तर गोलीला माफ.

हे सगळं बघणार कोण, हा आपल्याकडे खरा प्रश्न. चुन्याची रेषा हाफटाइमपर्यंत बुटांखाली पुसली जाते, व्हीएआर तर सोडाच, बॉल आणून द्यायला पोरं नसतात. रेफरी मागून पळत येतो, त्याला डीची कड समोरून दिसते, आणि समोरून रेषा अंदाजानंच कळते. ती कड आडवी, नीट दिसते ती लाइन्समनला, बशर्ते तो दमून वीस पावलं मागे राहिलेला नसेल. म्हणून मॅचच्या आधी रेफरीनं दोन्ही लाइन्समनला सांगून ठेवायचं की गोली बाहेर आला तर हात तू बघ, फ्लॅग तू दे, संधी उघड होती का ते मी ठरवतो. वेम्बलीवर याच पहिल्या पायरीला चूक झाली. मैदानावरच्या कुणाही एकानं हात टिपला असता तर फ्री किक तिथेच मिळाली असती, आणि व्हीएआरकडे फक्त कार्डाचा प्रश्न उरला असता.

मेसेजचा खरा त्रास इथल्या मैदानावर होतो. लोकल टुर्नामेंटमध्ये गोलीनं कॉर्नर फ्लॅगजवळ, तीन बॅक मागे उभे असताना, डीच्या बाहेर हात लावला, तरी अकरा जण रेफरीला घेरून 'रेड दे, फिफाचा नियम आहे' म्हणतात. पंचविशीतला नवा रेफरी, भोवती गर्दी, काठावरून शिव्या, तो गडबडून लाल काढतो. मग सोळा-सतरा वर्षांचा गोलकीपर पुढच्या मॅचला गोलरेषा सोडायलाच घाबरतो, आणि आजकालच्या खेळात पुढे न येणाऱ्या गोलीचा उपयोग किती, ते कोचला विचारा.

'पूर्वी तर गोलीला बाहेर हात चालायचा' असंही कुणीतरी मध्येच टाकतं, ते मात्र खरंय. १९१२ पर्यंत गोलकीपरला स्वतःच्या अर्ध्या मैदानात कुठेही बॉल हाताळता यायचा. वेल्सचा गोलकीपर ली रूस बॉल टप्पे देत देत सेंटरलाइनपर्यंत यायचा. मग नियम बदलून हात डीपुरता ठेवला. हेंडरसन त्या काळात खेळला असता तर त्याला कुणी विचारलंही नसतं, पण फायनल २०२५ ची होती, आणि सिटीची एक फ्री किक बाकी आहे ती आहेच.