भिंतीवरची पुराची रेघ कोणाच्या नावावर?

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला सांगलीतल्या तीन-चार ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: "घर भाड्याने देता-घेताना फोटो काढणं, याद्या करणं हे पुण्या-मुंबईचं खूळ आहे. करार रजिस्टर केला, पोलिसांत माहिती दिली, डिपॉझिट घेतलं की झालं. मोबाइलचे फोटो कोर्टात चालत नाहीत. रंगाचा खर्च डिपॉझिटमधून कापायची पद्धतच आहे. आणि पहिल्याच दिवशी फोटो काढणं म्हणजे समोरच्याला चोर समजणं." पुढे पाठवणाऱ्यांत मालकही आहेत आणि भाडेकरूही. मी दोन्ही बाजूंनी राहिले आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

करार रजिस्टर करायलाच हवा, त्यात दुमत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे तो लेखी आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. चुकवली तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण करारात असतं काय? भाडं, मुदत, डिपॉझिट आणि बहुतेक वेळा एक वाक्य: घर जसं दिलं तसं परत करायचं, साधारण वापरातली झीज सोडून. भाडेपट्टा असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम 1882 चं कलम 108 सुद्धा हेच सांगतं. आता "जसं दिलं" म्हणजे कसं दिलं, ते कुठे लिहिलंय? फार तर मागे यादी असते: पंखे 3, ट्यूब 4, गीझर 1. त्यातला एक पंखा पहिल्या दिवसापासून खडखडतोय, हे त्या आकड्यात येत नाही. पोलिसांकडच्या माहितीत माणूस कोण ते कळतं, घराबद्दल काही कळत नाही.

"आपल्याकडे गरज नाही" हे वाक्य सांगलीत कुणी म्हणावं याचंच मला वाईट वाटतं. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्याआधी 2005, त्यानंतर 2021. पुरात विटा पाणी पितात. पाणी ओसरल्यावर भिंत वरून वाळते, आत ओल राहते. ती ओल बाहेर येताना क्षार घेऊन येते, पाणी उडून जातं, क्षार रंगाखाली साठतात आणि रंग फुगून पोपडे निघतात. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. वरून पुट्टी आणि रंग मारला की उन्हाळाभर भिंत छान दिसते.

मे 2022 मध्ये आम्ही सांगलीच्या गावभागात, नदीजवळ, तळमजल्याच्या दोन खोल्या घेतल्या. नुकतंच डिस्टेंपर मारलेलं, पिस्ता रंग. जुलै संपता संपता हॉलच्या भिंतीवर माझ्या कमरेच्या थोडी वर एक आडवी रेघ उमटली. पाणसळ लावून आखावी इतकी सरळ. रेघेखाली सगळे पोपडे, बोट फिरवलं की पांढरी भुकटी. शेजारच्या घरांतही त्याच उंचीवर तीच रेघ होती. दोन वर्षांनी बिऱ्हाड हलवताना मालक म्हणाले, "तुम्ही ओले कपडे आत वाळत घालत होता, वहिनी," आणि 12,000 रुपये कापले. माझ्याकडे त्या भिंतीचा एकच फोटो होता: मेमधला, मुलीच्या वाढदिवसाचा, मागे कोरी करकरीत भिंत. तो माझ्यावरच उलटला. म्हणून सांगते, नदीकाठच्या भागात आत शिरतानाचे फोटो पुरत नाहीत. पहिल्या पावसाळ्यात ओल दिसली की त्याच दिवशी फोटो काढून मालकांना कळवा, आणि उत्तर लेखी घ्या.

"कोर्टात फोटो चालत नाहीत" हे तर सरळ चूक आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून घेतली जाते; सोबत ठरलेल्या नमुन्यात प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलची हॅश, म्हणजे त्या फाइलचा बोटाच्या ठशासारखा सांकेतिक आकडा, द्यावी लागते. आधीच्या पुरावा कायद्यातही त्यासाठी कलम 65ब होतंच. म्हणून मूळ फाइल जपायची. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो आणि आतली तारखेची माहिती गळते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ईमेल करा. अर्थात 12,000 साठी कोर्टाची पायरी कोण चढतं? भांडण दारातच मिटतं किंवा चिघळतं. तिथे दोघांच्या सहीचा कागद सगळ्यात जास्त कामाला येतो. वीज मीटरचं रीडिंग, बेसिनची चीर, फुगलेलं बाथरूमचं दार, किल्ल्या किती, एवढं लिहायला अर्धा तास लागतो.

रंगाचं म्हणाल तर पद्धत आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही. चार वर्षांत रंग मळणारच, तीच झीज. खिळ्यांनी गिलावा उखडला असेल तर त्या भिंतीचे पैसे घ्या, रंगाऱ्याची चिठ्ठी दाखवून. अख्ख्या घराचे कशाला?

राहिला अविश्वास. आता विश्रामबागेत आमचं स्वतःचं घर आहे, वरच्या मजल्यावर कॉलेजची तीन मुलं राहत होती. आली त्या दिवशी त्यांच्यासोबतच खोली-खोली फिरून फोटो काढले, यादीवर चौघांच्या सह्या घेतल्या. कुणाला अपमान वाटला नाही. उलट खिडकीची तुटलेली कडी त्यांनीच मला दाखवली. जाताना ओट्याच्या कडप्प्याचा कोपरा उडालेला होता. मी फोन उघडायच्या आतच एक जण म्हणाला, "काकू, तो आमच्याकडून गेला. कुकर आपटला." गवंड्याने 1,800 घेतले. चिठ्ठी दाखवून तेवढेच कापले, बाकीचं डिपॉझिट त्याच संध्याकाळी परत केलं.